नावांची प्रार्थना

आईची प्रार्थना नावांची असायची. संध्याकाळी चूल निवली, की डोक्यावरून पदर घेऊन ती घोंगडीवर बसायची. आधी एक भजन, मग बायबलचा अध्याय, मग प्रार्थना. देवाची स्तुती दोन वाक्यांत व्हायची आणि नावं सुरू व्हायची. वडील, आम्ही चौघं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, मामा, मावश्या, पाळकसाहेब, शाळेतले गुरुजी, शेजारच्या काकू, आणि सर्वांत शेवटी गाभण गाय. प्रत्येक नावापुढे एक मागणं. कुणाचा खोकला, कुणाचं कर्ज. मी डोळे मिटून माझं नाव यायची वाट बघायचो. ते आलं की झोपायला मोकळा.

आमचं गाव नेवासे तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ साली आलं, आणि आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते त्याच मिशनमुळे. पण आईच्या भक्तीत परकं असं काही मला कधी जाणवलं नाही. त्याचं बरंचसं श्रेय कवी नारायण वामन टिळकांचं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि अभंग, ओवी, कीर्तन ही आपली सगळी शिदोरी घेऊन ते ख्रिस्ताकडे आले. परदेशी चालींच्या गीतांशेजारी टाळ वाजू लागले. आईला ती परदेशी चालींची गीतंही यायची, पण ती उभं राहून म्हणायची. टिळकांचं भजन लागलं की ती मांडी घालून बसायची, आणि आवाज आपोआप खाली उतरायचा.

तिचं ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक आता माझ्याकडे आहे. पुठ्ठा केव्हाच गेला. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात तिनेच ते शिवून घेतलं. सगळी पानं सारखी मळलेली नाहीत. काही अगदी कोरी, आणि काहींचा खालचा कोपरा काळपट, तेलकट. भाकरी थापून उठलेल्या हाताचा अंगठा वर्षानुवर्षं तिथेच टेकला. शिवणीत पिठाची बारीक रेघ बसली आहे. ती मी झटकत नाही.

बांधावरून चुलत्यांशी भांडण झालं, तेव्हा दोन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. प्रार्थनेत त्यांचीही नावं यायची. वडील त्या वेळी खाकरायचे. मग एका शनिवारी आई वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. मनात अढी ठेवून ती भाकर घ्यायची नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि तिने ते खरं मानलं होतं. मी तिच्या मागे गेलो. चुलती दारातच भांडी घासत होती. आई म्हणाली, “सलाम.” चुलतीने मान वर केली नाही. राखेचा हात भांड्यावर फिरत राहिला. आई तशीच उभी. किती वेळ गेला कोण जाणे. मला पळून जावंसं वाटत होतं. शेवटी चुलतीने हात धुतले, पदराला पुसले आणि वाटी घेतली. “सलाम,” ती म्हणाली. बांध होता तिथेच राहिला. भक्ती कशाला म्हणतात हे मी पुढे पुष्कळ प्रवचनांतून ऐकलं, पण पाहिलं ते त्या दारात.

शेवटची दोन वर्षं तिला विस्मरणाने घेरलं. भजनं सगळी शाबूत राहिली, कडव्यांचा क्रमही चुकत नसे. नावं मात्र एकेक करून गळाली. एका संध्याकाळी तिचा हात हातात घेऊन मी बसलो होतो. ती प्रार्थना करू लागली. “माझा थोरला पुण्याला असतो. त्याच्या पोटात वेळेवर दोन घास पडू दे. रस्त्याने जपून ने.” माझं नाव तिला आठवलं नाही, पण मागणं जसंच्या तसं होतं. आमेन म्हणून तिने डोळे उघडले आणि विचारलं, “तुम्ही कुठले?”

“पुण्याचा,” मी म्हणालो.

“मग माझं पोरगं भेटलं तर त्याला सलाम सांगा.”

ती पावसाळ्यात गेली. पुढच्या पुनरुत्थानदिनी पहाटे कबरस्तानात उपासना झाली. अंधारात मेणबत्त्या, ओल्या चुन्याचा वास, आणि भजनाच्या पहिल्या ओळीला जिथून तिचा आवाज उठायचा तिथे नुसता वारा. मी गायला तोंड उघडलं आणि मिटलं.

टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं. एवढं मोठं काम माझ्या हातून होणार नाही, पण आईची यादी तरी चालू राहावी असं वाटलं. म्हणून रात्री मी ती म्हणतो, तिच्याच क्रमाने. म्हणताना प्रथमच ध्यानात आलं, की त्या यादीत तिचं स्वतःचं नाव कधीच नव्हतं. ते कुठे घालावं हे मला कळेना. आणि आमच्यात गेलेल्या माणसासाठी काही मागत नाहीत. ते माणूस देवाजवळ असतं, त्याला कशाची वाण नसते.

गाय केव्हाच विकली. तिचीही जागा मी ठेवली आहे. तिच्यानंतर, आमेनच्या आधी, आईचं नाव घेतो. पुढे मागणं काही जोडत नाही.