हाडाची परांची

रामदासपेठेंत इस्पितळांची दाटी आहे. तेथें आमच्या एका विद्यार्थ्याच्या मोडलेल्या हाडांतील पोकळी भरण्याकरितां त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढावा लागला. एका जखमेसाठीं दुसरी जखम! हें टळावें म्हणून, १९५० सालीं स्थापिलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं रेशमांतील फायब्रॉइन नामक प्रथिनाचे सच्छिद्र आधार घडविले आहेत. असे आधार यंत्रानें थरावर थर छापूनही रचतां येतात. छिद्रांतून पेशी शिरतात, हाड वाढतें, रेशीम हळूहळू विरतें. घर उभें राहिल्यावर गवंडी परांची उतरवितो, तसेंच हें. पालकहो, आपण व आम्ही शिक्षक मुलांभोंवतीं परांचीच आहों. ती वेळेवर उतरली नाहीं, तर भिंतीचें बळ कळावें कसें?