मुळाकडे पाठ

पासाउला पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर जे बोलणं झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातून एक म्हण तेवढी माझ्या सायकलीमागे लागली, ती व्हिएन्ना आलं तरी सुटेना. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये.

पासाउ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता सायकल-सहलींचा राजमार्गच आहे. बॅगा गाडीतून पुढच्या मुक्कामी जातात. पुढे गाइड, मागे आपण, बाजूला नदी. पूर्वी प्रवाहाविरुद्ध जाणारी जहाजं घोड्यांकडून ओढून नेत. रस्ता बराचसा त्या घोड्यांच्या वाटेवरूनच जातो. पर्यटक मात्र बहुतेक सगळे प्रवाहाबरोबर जातात. उतार नावापुरताच, पण साठीच्या गुडघ्यांना तो कळतो. मुळाकडे पाठ करून आम्ही सगळे पेडल मारत होतो. म्हणीला आणखी काय हवं?

आमच्या गाइडला ही म्हण ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यामुळे पहिल्याच सकाळी तिने मुळाचा विषय काढला. पासाउला तीन नद्या भेटतात. उत्तरेच्या जंगलातून काळसर इल्झ येते, आल्प्सकडून फिकट हिरवी इन आणि मधून डॅन्यूब. वर्षाची सरासरी काढली तर संगमावर इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा थोडं जास्तच भरतं. तरी पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. पाण्याचा हिशेब धरला असता तर आम्ही इनच्या काठाने व्हिएन्नाला गेलो असतो.

बरं, डॅन्यूबचं मूळ तरी ठरलेलं असावं! डोनाउएशिंगेनच्या राजवाड्याजवळ दगडी कठडा बांधलेलं एक कुंड आहे. डॅन्यूबचं उगमस्थान म्हणून लोक तिथे फोटो काढतात. पण ब्रिगाख आणि ब्रेग या दोन नद्या मिळून डॅन्यूब होते, आणि त्यांत ब्रेग लांब, म्हणून तिचा उगम जिथे आहे ते फुर्टवांगेन खरं मूळ आपल्याकडे असल्याचं सांगतं. दोन गावांचा हा वाद जुना आहे. त्याहून मोठी गंमत थोडी पुढे, इमेंडिंगेनपाशी. तिथे डॅन्यूब चुनखडीच्या भेगांतून जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्र कोरडं पडतं. ते पाणी जातं कुठे, हे पाहायला 1877 साली आडोल्फ क्नोप या भूशास्त्रज्ञाने भेगांत मीठ, तेल आणि दहा किलो चमकता रंग ओतला. सुमारे अडीच दिवसांनी दक्षिणेला आखच्या झऱ्यातून हिरवं, खारट पाणी वर आलं. तो झरा ऱ्हाइनला मिळतो. म्हणजे पात्र कोरडं पडतं त्या दिवसांत फोटोतल्या कुंडातलं पाणी काळ्या समुद्राकडे जातच नाही, उत्तर समुद्राला जातं. पुढे जी डॅन्यूब वाहते ती वाटेतल्या उपनद्यांवर.

हे ऐकल्यावर काठावरच्या पाट्या मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. डॅन्यूबचे किलोमीटर मुखाकडून मोजतात. रुमानियात सुलिनाला शून्य, व्हिएन्नाच्या मोठ्या पुलापाशी 1929, पासाउला 2200च्या वर. आपण पुढे जावं तसे आकडे कमी होत जातात. शेवट कुठे आहे यावर भांडण नाही, म्हणून मोजायला तिथून सुरुवात.

एवढ्यावर म्हण जिंकली असं म्हणायला हरकत नव्हती. पण आपणच ती कुठे पाळतो? कृष्णेचं मूळ आपण महाबळेश्वरी शोधलं आणि तिथे देऊळ बांधलं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि दिसेनाशी होते, म्हणून गौतमाने तिला कुशाने अडवून कुशावर्तात धरलं, अशी कथा आहे; एकाच कथेत नदीही आली आणि ऋषीही. कुळाचं तर विचारूच नका. ऋषीला त्याचं कूळ विचारायचं नाही, पण आपलं कूळ सांगताना गोत्र म्हणून ऋषीचंच नाव घ्यायचं. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाला गुरू गोत्र विचारतो. आईलाच ते माहीत नाही, असं मुलगा सरळ सांगतो आणि गुरू त्याला शिष्य करून घेतो. गोष्ट इथे थांबती तर फार बरं झालं असतं. पण गुरू पुढे म्हणतो, इतकं खरं ब्राह्मणाखेरीज कोण बोलेल? म्हणजे नाही नाही म्हणता कूळ ठरवूनच झालं.

ही म्हण मी ऐकली आजीकडून. तिच्या माहेराबद्दल विचारलं की ती ही म्हण टाकायची आणि विषय मिटायचा. लहानपणी माझी पक्की समजूत होती की तिचं माहेर कुठल्यातरी ऋषीचं असणार. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक जुना दाखला निघाला. तो मी वाचला आहे. चुलतभाऊ आता आमचा कुलवृत्तांत छापतो आहे आणि आजीच्या नावापुढे माहेरच्या आडनावाचा रकाना त्याने रिकामा ठेवला आहे.

लिंझ सोडल्यावर माउटहाउझेन लागतं. गाव नदीकाठी, छळछावणी वर टेकडीवर. कार्यक्रमपत्रिकेत ती ‘ऐच्छिक’ होती आणि चढ दमवणारा होता, म्हणून आमच्यातले निम्मे खाली कॉफी घेत बसले. 1938 ते 1945 या काळात या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे एक लाख नव्वद हजार माणसं कोंडली गेली. त्यांतली किमान नव्वद हजार मेली. खाणीतले ग्रॅनाइटचे दगड पाठीवर घेऊन कैदी ज्या चढायचे, त्या 186 पायऱ्या अजून आहेत.

म्हण तिथेही आली. नाझी राजवटीत लोक पूर्वजांची नोंदवही घेऊन चर्चच्या दारात उभे राहत. आजी-आजोबांचे बाप्तिस्मे, लग्नं, प्रत्येक नोंदीवर शिक्का. एसएसच्या अधिकाऱ्यांना तर 1750पर्यंत मागे जावं लागे. कूळ शोधणं हे सरकारी काम झालं होतं आणि त्या शोधातून वेगळी काढलेली माणसं अशा टेकड्यांवर पाठवली जात होती. आणि ज्याच्या हुकमाने हे चाललं होतं, त्याच्या बापाचं काय? तो 1837 साली इथून फार लांब नसलेल्या वाल्डफिअर्टेलमध्ये जन्मला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांची जागा कोरी होती. ती भरली गेली जवळजवळ चाळीस वर्षांनी.

त्या पायऱ्यांवरून खाली पाहताना आजीची म्हण मला फार शहाणी वाटली. शोधू नये. कुणीच, कुणाचंच.

पण टेकडी उतरेपर्यंतही ते टिकलं नाही. युद्धानंतर ऑस्ट्रियाही हेच म्हणत होता, मागचं उकरू नका. 1943च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी त्याला हिटलरचा पहिला बळी म्हटलं होतं. त्याच जाहीरनाम्यात त्याच्या जबाबदारीचंही एक वाक्य होतं, ते मागे पडलं. आपल्या माणसांचाही यात हात होता, हे चान्सलर फ्रांझ व्रानित्स्की यांनी संसदेत सांगितलं ते 1991 साली. म्हणजे ज्या म्हणीने सत्यकामासारख्या पोराला आसरा द्यावा, तीच म्हण पहारेकऱ्यालाही आसरा देते. तिला दोघांतला फरक कळत नाही. मलाही तो प्रत्येक वेळी कळेल याची खात्री नाही.

पुढची वाट सोपी आणि सुंदर आहे. तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मेल्कचा पिवळा मठ लांबूनच दिसू लागतो. मग वाखाउच्या द्राक्षबागा आणि जर्दाळूची झाडं, ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. 1192च्या डिसेंबरात पकडलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड तिथे कैदेत होता. वेश पालटून निघाला होता, पण ओळखला गेला. मी थांबलो ते विलेनडॉर्फला. तिथे 1908 साली रेल्वेच्या कामात बोटभर उंचीची, भरल्या अंगाची दगडी बाई सापडली, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. ऑस्ट्रियाची फार जुनी लेक म्हणून तिचा केवढा मान! अलीकडे, 2022मध्ये, तिच्या दगडाचा अभ्यास झाला. तो दगड बहुधा आल्प्सच्या पलीकडचा, उत्तर इटलीतला निघाला. तिच्या मानात त्याने काही उणं झालं नाही. व्हिएन्नाच्या संग्रहालयात तिच्यापुढची रांग तेवढीच होती.

तिचं मूळ शोधलेलं मला आवडलं, हे कबूल करायला हवं. कुणाचं काही बिघडलं नाही म्हणून आवडलं का? की तीस हजार वर्षं झाल्यावर कुणाचंच काही बिघडत नाही? मग किती वर्षांनी विचारलेलं चालतं? आजीला जाऊन अजून एक पिढीही झालेली नाही. शिवाय नोंदवही शिक्का मारणाऱ्यानेही उघडली आणि आज मेलेल्या नातलगांची नावं शोधणारी नातही तीच उघडते. दप्तर तेच, पान तेच. विचारणाऱ्याचा हेतू पाहावा म्हटलं, तर माझा हेतू काय हेच मला नीट सांगता येत नाही.

पुस्तक दिवाळीआधी छापून व्हायला हवं, असं चुलतभाऊ फोनवर सांगत असतो. त्या रकान्यात ‘माहिती उपलब्ध नाही’ असं टाकू का, असं त्याने परवा विचारलं. हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हणालो. का, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.