चालत्या साच्यापुढचा बदलीवाला

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भिवंडीच्या कापड कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून रुजू होण्यापूर्वी पाठवलेल्या पत्रात तू एक प्रश्न विचारला आहेस. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्यांदा कामाला लागलेल्या तरुणांनी, शेजाऱ्याची बोटे तुटलेली दिसत असताना आणि जुन्या कामगारांची धाप ऐकू येत असताना, ते काम पत्करले तरी कसे? याचे उत्तर बहुधा अज्ञान किंवा गरिबी असे दिले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण यंत्र कुठे हात धरते हे नवख्यालाही थोड्याच दिवसांत कळत असे, आणि हेच गरीब कामगार मजुरीसाठी महिनोन्‌महिने संप चालवीत होते. नोकरी ज्या रीतीने मिळत असे त्या रीतीतच तक्रारीची वाट बुजवलेली होती, हे लक्षात घेतल्यावाचून या सोसण्याचा उलगडा होत नाही.

कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण गिरणीत थेट कायम होत नसे. तो आधी ‘बदली’ भरत असे, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी त्या एका पाळीपुरता उभा राहत असे. पाळीच्या वेळी दारापाशी जमलेल्या गर्दीतून कोणाला आत घ्यायचे हे पुष्कळ काळ जॉबरच्या, म्हणजे खात्यावरील मुकादमाच्या, हाती होते, आणि तो बहुधा गाववाला किंवा नात्यातलाच असल्याने त्याच्याशी वाद घालणे म्हणजे गावाकडच्या घरापर्यंत वैर नेणे होते. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली, आणि 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदलीवाल्यांना कार्डे देण्याची योजना आणली. तरी रोज सकाळी येऊन उभे राहण्याचे काही सुटले नाही. ज्याला उद्याची पाळी मिळेल की नाही हे ठाऊक नाही, तो पट्ट्यावर जाळी का नाही असे कोणत्या तोंडाने विचारणार?

साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, हे सर्वांत उघड दिसे. जुन्या मागावर धोट्यातील, म्हणजे शटलमधील, कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि त्याचा सर्वांत जलद उपाय म्हणजे भोकाला तोंड लावून धागा ओढून घेणे. एकाच धोट्याला पाळीपाळीने अनेकांची तोंडे लागत, त्यातून क्षयासारखा रोग पसरण्याचा धोका उघड होता, आणि ओढलेल्या श्वासाबरोबर तंतू व खळीची भुकटीही आत जाई. खळ म्हणजे ताण्याला बळकटी यावी म्हणून लावलेली कांजी. या चालीविरुद्ध आरोग्याच्या कारणाने फारशी ओरड झाली नाही. झाली ती विटाळाच्या कारणाने. उष्टा धागा चालणार नाही म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त मजुरीच्या साचेखात्यातून वगळून कमी मजुरीच्या सूतकताईत ठेवले गेले, आणि 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. ज्या चालीने सर्वांचीच छाती धोक्यात येत होती ती चाल काही जातींनी आपला हक्क म्हणून राखली, यापेक्षा कडू विनोद गिरणगावच्या इतिहासात शोधूनही सापडणार नाही.

कायदा नव्हता असे म्हणावे तर तेही खरे नाही. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण सांगितले, मात्र तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांनाच लागू होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर 1890 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मिळाली. 1948 च्या कायद्याने तर बारकाईची कमाल केली: फिरत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करायचे झाल्यास ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच करावे, त्याच्या अंगावर घट्ट कपडे असावेत आणि त्याचे नाव नोंदवहीत असावे. सैल धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही पट्ट्यात सापडली की माणूसच ओढला जातो, हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पण विणकराची मजुरी उक्ती, म्हणजे निघालेल्या कापडावर, ठरलेली होती. साचा थांबला की कमाई थांबे. चालू यंत्रात हात घालू नये असे कायदा सांगे आणि घालावा असे मजुरीचा दर सांगे. नवखा माणूस दराचेच ऐके, आणि त्यात त्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल.

धुळीची गोष्ट निराळी, कारण ती रक्त काढीत नाही. कापसाच्या गाठी फोडण्याच्या ब्लोरूममध्ये आणि पिंजणाच्या कार्डिंग खात्यात उडणाऱ्या धुळीने बिसिनोसिस हा श्वसनविकार होतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळून येते, पुढच्या दिवसांत उतार पडतो, आणि काही वर्षांनी ती आवळ रोजचीच होऊन कायमची धाप लागते. सुरुवातीच्या या उतारामुळेच तरुण फसत असे. अंगाला काम सवयीचे झाले असे त्याला वाटे. धुळीच्या कामावरचे लोक गुळाचा खडा चघळतात, त्याने घशातील किटण पोटात उतरते असा समज आहे. घसा ओला होत असेल, फुप्फुसात गेलेली धूळ मात्र गुळाने निघत नाही. पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर दमा, क्षय किंवा विडी यांपैकी एकावर ठपका ठेवून प्रकरण मिटे, त्यामुळे भरपाईच्या कायद्यातील व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हा विकार असूनही आपला हक्क सिद्ध करणे कामगाराला जड जाई.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मिटल्या आणि विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर अधिकच एकवटले. तेथील छोट्या शेडमधील मागांचा गोंगाट आठ तासांसाठी ठरवलेल्या नव्वद डेसिबलच्या मर्यादेपुढे सहज जातो. शेजारच्याशी बोलायचे तर ओठ वाचावे लागतात. एकाच मालकाचे माग निरनिराळ्या नावांवर दाखवून कामगारांची संख्या कायद्याच्या उंबरठ्याखाली ठेवण्याची युक्तीही जुनीच आहे, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी तो उंबरठा दहावरून वीस कामगारांवर नेऊन तिला आणखी जागा करून दिली. त्याच संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे, आणि बदलीवाल्याचा इतिहास पाहता हेच कलम सर्वांत मोलाचे ठरावे. अर्थात पत्र खरोखर हाती पडले तर.

पर्यवेक्षकाच्या हाती फार काही नसते हे खरे, पण पाहणे आणि टिपून ठेवणे त्याच्या हाती असते. तेव्हा रुजू झाल्यावर साफसफाईच्या वेळी माग बंद केला जातो की नाही, आणि बंद असलेल्या त्या वेळेची मजुरी कोणाच्या खिशातून जाते, एवढे नीट पाहून कळवावे.

शुभाशीर्वाद.
मामा