टेप कुठे धरायची?

कुवेतमधल्या शुवैखच्या औद्योगिक भागात मोजमापाला तोटा नाही. गॅरेजवाला, सुतार, लोखंडवाला, ज्याच्या त्याच्या खिशात टेप. तरी इथल्या मराठी घरांतून माझ्याकडे सेटिंगला येणाऱ्या गिटारचं माप विचारलं की उत्तर ठरलेलं: "एकेचाळीस इंची आहे." असेल. पण ते डोक्यापासून बुडापर्यंतचं माप. खोकं निवडायला ठीक, बोटांना त्याचं काही देणंघेणं नसतं.

बोटांना कळते ती नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) सॅडलपर्यंतची (ब्रिजवरची पट्टी), तारेच्या वाजत्या भागाची लांबी. मात्र टेप थेट सॅडलला टेकवू नका. सूर नेमका लागावा म्हणून अनेक गिटारांवर सॅडल थोडं तिरकं असतं, त्यामुळे दर तारेचं माप निराळं येतं. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. क्लासिकल गिटार बहुधा ६५० मिलिमीटर भरते, मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट ६४५ च्या आसपास.

मुलांसाठी मिळणारी ३/४ मापाची गिटार साधारण ५८०. हा अपूर्णांक शब्दशः घेऊ नये. ६५० चे पाऊण केले तर ४८७ च उरतात. पहिल्या फ्रेटची जागा काढायला लांबीला १७.८१७ ने भागतात. मोठ्या गिटारवर तो साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो, छोटीवर साडेबत्तीसवर. फरक किरकोळ वाटतो, पण चौथ्या फ्रेटपर्यंत तो १४ मिलिमीटर होतो, आणि लहान करंगळी तिथेच हार मानते. वाढत्या अंगाचा गणवेश घ्यावा तशी पालक गिटार घेतात. गणवेशाची बाही दुमडता येते हो!

उलट छोटीवर त्याच तारा त्याच सुरात लावल्या की ताण सुमारे २० टक्के घटतो आणि तारा फडफडतात. तिला जरा जाड तारा द्याव्यात.

दुसरं माप बॉडीच्या सर्वांत रुंद भागाचं. मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये डिटसन या वाद्यविक्रेत्या कंपनीसाठी बनवलेल्या ड्रेडनॉटला ब्रिटिश युद्धनौकेचं नाव पडलं, ते उगाच नाही: रुंदी जवळजवळ ४०० मिलिमीटर, खोली १२० च्या वर. मुलाचा उजवा खांदा कानाशी जातो. दहा वर्षांच्या मुलाला ड्रेडनॉट देणं मला मुळीच पटत नाही.

सुट्टीवरून परतताना मुंबईहून गिटार आणणार असाल तर दुकानदाराला ही दोन मापं विचारा. तो पुन्हा एकेचाळीस इंच म्हणाला, तर टेप मागून घ्या आणि स्वतः मोजा.