ओसाड आवारातल्या जुन्या बाटल्या आणि खणण्याची परवानगी

शहरातल्या ओसाड मिळकतीत जुन्या काचेच्या बाटल्यांसाठी खणायचे असेल, तर पहिली परवानगी जमिनीच्या मालकाची लागते. मालक नकार देतील ही भीती दुय्यम आहे; मालक किती आणि कोण हेच आधी ठरत नाही. घराचे छप्पर बसले, आवारात टाकळा माजला, दाराला कुलूपही उरले नाही, तरी कागदावर ती जागा कोणाची तरी असतेच. वारस खरोखरच कोणी नसेल तर राज्यघटनेच्या कलम 296 प्रमाणे ती राज्याकडे जाते. म्हणजे बेवारस जागेचा मालक सरकार. पुढचे वर्णन टिटवाळ्याच्या मांडा भागातल्या अशाच एका आवाराचे आहे. त्यातला अर्जदार म्हणजे प्रस्तुत लेखक.

कल्याण ते वाशिंद हा रेल्वेमार्ग 1855 साली सुरू झाला आणि टिटवाळा त्याच वाटेवर आहे. महागणपतीच्या दर्शनाला येणारी गर्दी, कल्याणची बाजारपेठ आणि मुंबईहून येणारा माल यांमुळे सोडावॉटर, औषधे, शाई, अत्तर यांच्या बाटल्या या भागात पोहोचण्याला वाव होता. संग्राहकांना सर्वाधिक मोह असतो तो गोटी सोड्याच्या बाटलीचा. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या या बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते आणि आतल्या वायूच्या दाबाने ती रबरी कड्यावर घट्ट बसते. त्याखेरीज मुंबईच्या पालनजी (1865) आणि ड्यूक (1889) या सोडा कंपन्या, पनवेलचे धूतपापेश्वर (1872), तळेगावचा पैसा फंड काच कारखाना, ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना ही नावे जाणणाऱ्याला उठावाच्या अक्षरांचा नुसता तुकडाही बोलका वाटतो.

तरीही इथे अखंड बाटली सापडणे अवघड आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जुन्या घरांमागचे शौचखड्डे आणि नगरपालिकांचे जुने उकिरडे खणले की बाटल्या भरपूर निघतात, कारण तिथे त्या फेकल्या जात. आपल्याकडे रिकाम्या बाटलीला किंमत होती. दारोदार फिरणारा बाटलीवाला ती विकत घेई. पारशी समाजात तर ते आडनाव होऊन बसले. टोपलीचे संडास रोज उपसले जात, त्यामुळे खड्डा भरत राहण्याचा प्रश्नच नव्हता. गोटी सोड्याची बाटली मुलांनी गोटीसाठी फोडायची हे तर ठरलेलेच. परसदारी सापडते ते फुटलेले, चिरलेले किंवा बाटलीवाल्याने नाकारलेले: औषधाच्या चपट्या कुप्या, दौती, बाटल्यांचे गळे. बुजवलेली विहीर हा त्याला अपवाद, पण कठडा ढासळलेल्या विहिरीत उतरण्याची परवानगी मागूही नये.

मालक शोधण्याची सुरुवात तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयातून होते. जमीन शेतीची असेल तर सातबारा, नगर भूमापन झालेल्या भागात असेल तर मिळकत पत्रिका. दोन्ही आता ऑनलाइन दिसतात, पण त्यावरचे नाव आणि प्रत्यक्षातला मालक यांत एखादी पिढी सहज जाते. मांड्यातल्या या आवारावर आजोबांचेच नाव होते. वारसनोंद झालेली नव्हती, फेरफार काढून पाहिल्यावर भावकीची शाखा समजली आणि वारस तीन ठिकाणी विखुरलेले निघाले: एक कल्याणात, एक पुण्यात, एक परदेशात. एकाची संमती म्हणजे सर्वांची संमती नव्हे. सहहिस्सेदारांपैकी कोणीही नंतर हरकत घेऊ शकतो. विकासकाशी करार झालेला असेल तर कुलमुखत्यारपत्रही पाहावे लागते. पाया खोदणारा कंत्राटदार ‘घ्या खुशाल’ म्हणतो, पण ती परवानगी देण्याचा अधिकार त्याला नसतो.

वारसांना समजावणे हा या कामाचा सर्वात लांबलेला भाग. त्यांची शंका बाटल्यांबद्दल नव्हतीच. 1948 च्या कूळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने ठाणे जिल्ह्यातल्या अनेक घरांच्या जमिनी कुळांकडे गेल्या, आणि परक्या माणसाच्या हातात कुदळ दिसली की ती आठवण जागी होते. त्यात प्रतिकूल कब्जा: 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे बारा वर्षे उघडपणे जागा बळकावून बसलेल्यावर मालकाला दावा लावता येत नाही. दिवसभर खणून निघून जाणाऱ्याला यातले काहीच लागू होत नाही, हे कायद्याने खरे. पण म्हणून भीती जात नाही. अर्जदाराने अखेर संमतिपत्राचा मसुदा स्वतःच लिहून दिला. कोणताही कब्जा, कूळहक्क किंवा वहिवाट निर्माण होणार नाही. खोदाई अमुक जागी, कंबरेइतक्या खोलीपर्यंत, हाताने आणि दिवसाउजेडी होईल. पडक्या भिंतींना हात लागणार नाही. इजा झाल्यास जबाबदारी खणणाऱ्याची. खड्डे बुजवून जागा पूर्ववत होईल. सापडलेली प्रत्येक वस्तू आधी वारसांना दाखवली जाईल. परदेशातल्या वारसाने ईमेलने होकार कळवला. असे पत्र हातात नसताना आत पाऊल टाकणे म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मधल्या अतिक्रमणाच्या आरोपाला निमंत्रण.

मालकानंतर सरकार. यासाठी छापील अर्ज कोणत्याही खिडकीवर मिळत नाही, म्हणून कोणता कायदा कुठे येतो हे अर्जदारालाच जुळवावे लागते. मुरूम किंवा माती आवाराबाहेर नेली तर ते गौण खनिज ठरू शकते आणि प्रश्न तहसीलदारांकडे जातो. माती जागच्या जागी परत टाकली तर तो वाद उरत नाही. पडके घर धोकादायक ठरवून महापालिकेने नोटीस लावली असेल, तर प्रभाग कार्यालयाला विचारल्याशिवाय जवळ जाऊ नये. पुरातत्त्वीय उत्खनन ही तर वेगळीच गोष्ट, तिथे हौशी माणसाला जागा नाही. कल्याण हे प्राचीन बंदर. कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत इथल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख आहे. त्यामुळे कोरीव दगड किंवा जुनी खापरे दिसली की कुदळ थांबवायची आणि कळवायचे. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित आहे.

सर्वात कुतूहलाचा कायदा 1878 चा, भूमिगत निधीचा. जमिनीत दडलेली कोणतीही मोलाची वस्तू म्हणजे निधी, आणि मूळ कायद्यात मर्यादा आहे दहा रुपयांची. त्याहून जास्त किमतीचा निधी सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधीला कोणी दावेदार निघाला नाही आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा ज्याला सापडला त्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. टाकून दिलेली औषधाची कुपी निधी ठरते का, यावर वकील आनंदाने वाद घालतील. अर्जदाराने वाद न घालता अर्ज लिहिला. एका कार्यालयात ‘हे आमच्या टेबलाचे काम नाही’ असे उत्तर मिळाले, दुसऱ्यात अर्ज आवक झाला आणि शिक्क्याची पोच मिळाली. पोच म्हणजे परवानगी नव्हे. पण उद्या कोणी तक्रार केली तर काम लपूनछपून चालले नव्हते हे त्या शिक्क्यावरून दाखवता येते.

तक्रार होणार हे धरूनच चालावे, कारण ओसाड वाड्यात कोणी खणतो म्हटले की शेजारपाजारी एकच शब्द फिरतो: गुप्तधन. ही चेष्टा नाही. गुप्तधनाच्या नावाखाली झालेले अघोरी प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अशा कृत्यांचा समावेश आहे. अमावास्येच्या आसपासचा दिवस नको, संध्याकाळ नको, लिंबू-नारळ तर अजिबात नको. मजुराने सवयीने कुदळीला हळदकुंकू लावले तरी पाहणाऱ्याच्या मनात कथा तयार होते. पोलीस ठाण्यात आधी पत्र देणे आणि शेजारच्या चाळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या काकांना खुर्ची टाकून बसवणे, हे दोन उपाय कोणत्याही शिक्क्याइतके उपयोगी पडतात. काका प्रश्न विचारतात, ‘एवढ्यासाठी?’ म्हणतात आणि गल्लीत तेच सांगतात.

रेल्वेच्या हद्दीतल्या उकिरड्यांचा विचार सोडून द्यावा. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 खाली तिथे नुसते शिरणे हाच गुन्हा आहे. बंद कारखान्यांचेही तसेच. मोहन्याची नॅशनल रेयॉन 2009 मध्ये बंद पडली, पण अशा जागांवर घेणेकरी, कामगारांची देणी, न्यायाधिकरणाचे आदेश असा गुंता असतो आणि दारावरच्या रखवालदाराला परवानगी देता येत नाही.

प्रत्यक्ष खोदाईबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. पावसाळा सरल्यावर, मुरूम कडक होण्याआधीचे दिवस बरे. फुरसे आणि घोणस यांच्यासाठी घोट्यावर येणारे बूट, काचेसाठी जाड हातमोजे, धनुर्वाताचे इंजेक्शन. काळू नदीकडच्या सखल भागात पुराच्या गाळाचा थर आधी काढावा लागतो. बुचासकट निघालेल्या बाटलीत काय आहे हे वास घेऊन पाहू नये. मांड्याच्या आवारातून निघाल्या त्या कुप्या, एक दौत, गोटी सोड्याचा गोटीविना गळा आणि एक निळी औषधाची बाटली.

निळी बाटली परदेशातल्या वारसाला हवी होती, आणि तिथे शेवटचा कायदा आडवा आला. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. बाटलीचे वय सांगणारी खूण म्हणजे साच्याची जोडरेषा. ती ओठावरून वरपर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे बहुधा मायकेल ओवेन्सने 1903 मध्ये स्वयंचलित यंत्र यशस्वी केल्यानंतरची. गळ्याशी थांबली असेल तर ओठ हाताने घडवलेला. इथे रेषा वरपर्यंत होती. पण त्यावरून ती 1915 ची की 1940 ची हे कळत नाही, आणि विमानतळावर दाखवायला ती पुरावशेष नसल्याचे पुरातत्त्व खात्याचे प्रमाणपत्र लागले असते. त्यासाठी आणखी एक अर्ज करायला वारस तयार झाले नाहीत. बाटली कल्याणच्या वारसाकडे राहिली, कुप्या आणि गळा अर्जदाराला मिळाला, आणि बुजवलेल्या खड्ड्यांची छायाचित्रे संमतिपत्राला जोडून तिघांकडे पाठवली गेली.