ताज पाहून झाला? मग फिरोजाबादला जा

आग्र्याला गेलेले बहुतेक जण ताजमहाल पाहतात, पेठ्याचा डबा घेतात आणि परत फिरतात. तुमच्याकडे अर्धा दिवस असेल, तर पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवरच्या फिरोजाबादला जा. आईने किंवा मावशीने गावातल्या कासाराकडे हिरवा चुडा भरला असला, तरी बहुधा त्या बांगड्या इथूनच आलेल्या असतात.

गल्लीत शिरलात की आधी हातगाड्या दिसतील. दोरीत ओवलेल्या बांगड्यांचे उंच ढीग, आणि खड्ड्यांतून त्या ढकलत नेणारी माणसं. आपला जीव वरखाली होतो, त्यांचा नाही! कारखान्यात मात्र दोन मिनिटं उभं राहवत नाही. भट्टीतल्या मुशींमध्ये काच वितळत असते. कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर लालभडक गोळा घेऊन झपझप चालत येतो आणि फिरत्या दांड्यावर त्याची तार स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. ती कापली की झाल्या बांगड्या, पण तोंडं उघडी असलेल्या.

पूर्वी या भट्ट्या कोळशावर चालायच्या. ताजचा संगमरवर पिवळा पडू लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याच्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडायला लावला. हा परिसर लहान नाही, सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचा आहे आणि फिरोजाबाद त्यातच येतं. गॅस आला. पण अनेक मालकांनी जुन्याच भट्टीला गॅसचे बर्नर लावले. धूर कमी झाला, पण बरीचशी उष्णता चिमणीतून वाया जात राहिली आणि तिचं बिल मालकालाच भरावं लागलं.

दिल्लीच्या टेरी या संस्थेने स्वित्झर्लंडच्या मदतीने इथल्यासाठी वेगळी भट्टी तयार केली. आजोळी तांब्याचा बंब पाहिला असेल, तर ती लगेच कळेल. बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर जातो आणि जाता जाता भोवतीचं पाणी तापवतो. इथे पाण्याच्या जागी हवा असते. बाहेर जाणारा गरम धूर भट्टीत येणाऱ्या हवेला आधीच तापवतो, म्हणून गॅस कमी लागतो. बर्नर लावलेल्या जुन्या भट्टीपेक्षा साधारण ३० टक्के कमी. छोट्या कारखानदाराला कागदावरचे आकडे सहसा पटत नाहीत, आणि त्यात चूक काय? भट्टी फसली तर धंदाच बुडतो. आधी ती एका कारखान्यात चालवून दाखवली, मग शेजारचे पाहायला आले आणि हळूहळू इतरांनीही तशा बांधून घेतल्या.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बांगड्यांची तोंडं जोडण्याचं काम घराघरांत चालतं, बहुतेक बायकाच करतात. कोंदट खोलीत, ज्योतीसमोर वाकून, नगावर मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांसाठी. भट्टीत वाचलेला गॅस त्यांच्या खोलीपर्यंत पोचलेला नाही. शक्य असेल तर ते कामही पाहा, फोटो काढण्याआधी विचारा, आणि खरेदी करताना फार घासाघीस करू नका.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फिरोजाबादमध्ये ते अक्षरशः खरं आहे. फुटके तुकडे पोत्यांत भरून पुन्हा भट्टीत जातात. शिवाय जुनी काच नव्या कच्च्या मालापेक्षा लवकर वितळते.