दोन पावलांपुरता उजेड

फोनमध्ये टॉर्च असताना वेगळा टॉर्च कशाला, हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत किमान दहा जणांनी विचारलाय. प्रश्न रास्त आहे. जिन्यातला बल्ब गेला, पलंगाखाली कानातलं पडलं, स्कूटीच्या डिकीत काही शोधायचं असलं की आपला हात आपोआप फोनकडे जातो. पुण्यात माझंही त्यावर व्यवस्थित भागतं. पण मी टॉर्च शोधत होते तो माझ्यासाठी नव्हता, अण्णांसाठी होता.

आमचं शेत सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. थोडा ऊस, थोडं आलं. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अण्णा बारा-एकला उठून मोटर चालू करायला निघतात. घरापासून विहीर चारशे पावलांवर, वाट बांधावरून. घरात चार्जिंगचा चांगला दणकट टॉर्च आहे, पण तो कधी चार्जिंगला लावलेला असतो, कधी गोठ्यात राहिलेला. मग खिशातला फोन बाहेर निघतो. तो बऱ्याचदा १२ टक्क्यांवर आलेला. वाटेत काही झालं तर ज्याच्यावरून घरी कळवायचं, तोच उजेडापायी संपवायचा.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका काकांना घोणस चावली. तेही पाणी द्यायलाच चालले होते. त्यांच्याकडे टॉर्च होता, घरी, खुंटीला. काका वाचले, पण पायाची जखम भरायला कित्येक महिने लागले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. उजेड बघून साप पळून जात नाही. उजेडाचं काम एवढंच, की पाय टाकण्याआधी तो तुम्हाला दिसावा.

यातून माझी पहिली अट ठरली: टॉर्च किल्लीलाच हवा. आमच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप असतं. बाकी काहीही घरी राहील, पण किल्ली घेतल्याशिवाय अण्णांना मोटर चालूच करता येत नाही. किल्लीला टांगलेली वस्तू विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. रोज खिशात काय बाळगावं यावर इंटरनेटवर तासन्‌तास चर्चा करणारे लोक आहेत, ‘एव्हरीडे कॅरी’वाले. त्यांच्या टायटॅनियमच्या वस्तू माझ्या बजेटबाहेरच्या. माझी मर्यादा ५०० रुपये.

सगळ्यात स्वस्त आणि हलके टॉर्च बटण सेलवर चालतात, नाण्यासारख्या चपट्या सेलवर. ते मी लगेच बाजूला ठेवले. एक तर उजेड जेमतेम. दुसरं कारण माझी भाची. ती दीड वर्षाची आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. बटण सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. ज्याचं झाकण नखानेही उघडतं, असा टॉर्च त्या घरात नको.

दुसरा प्रकार यूएसबीवर चार्ज होणारा. अंगठ्याएवढा, भरपूर उजेड, सेल विकत घ्यायची कटकट नाही. शहरात राहणाऱ्या कुणासाठी मी हाच सुचवेन. पण आतली बॅटरी बहुतेकदा बदलता येत नाही. ती थकली की टॉर्च गेला. आणि अण्णांच्या घरात चार्जिंगला लावायची ती आणखी एक वस्तू झाली असती. आधीचा टॉर्च नेमका चार्जिंगपायीच घरी राहत होता.

उरला तिसरा: एका ट्रिपल ए सेलचा, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो त्या बारीक सेलचा. लांबी बोटाएवढी. सेल गावातल्या किराणा दुकानात मिळतो.

आता आकडे. दीडशे रुपयांच्या टॉर्चवर ‘१००० ल्युमेन’ लिहिलेलं दिसलं तर एक साधं गणित करा. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमध्ये साधारण १०० ते १५० ल्युमेन देतो. म्हणजे हजार ल्युमेनला सात ते दहा वॅट हवेत. रिमोटचा सेल दीड व्होल्टचा. त्यातून आठ वॅट काढायचे तर पाच अँपिअरहून जास्त करंट लागेल. त्या एवढ्याशा सेलच्या ते आवाक्यातलंच नाही. एका ट्रिपल ए सेलवर शंभरेक ल्युमेन ही थोड्या वेळापुरती खरी गोष्ट असू शकते, हजार ही थाप.

‘आठ तास चालतो’ हेही जपून वाचावं. टॉर्च मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे त्या आठ तासांतले बरेचसे तास मिणमिणते असू शकतात. अंतराचंही तसंच: उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो तिथपर्यंतचं अंतर डब्यावर छापतात. तिथे पडलेला साप दिसेलच असं नाही.

म्हणून मी सगळ्यात जास्त उजेड किती, यापेक्षा सगळ्यात कमी किती हे बघत गेले. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि प्रखर झोताने ती कमाई क्षणात जाते. पेटीतला फ्यूज बघायला चार-पाच ल्युमेन पुरतात. बांधावरून चालायला तीस-चाळीस. मला दोन टप्पे हवे होते, कमी आणि मध्यम, आणि लुकलुकणारा ‘स्ट्रोब’ अजिबात नको होता. उजेड निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळट असलेला बरा. निळसर उजेडात माती, पाचट आणि घोणस यांचे तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात.

शेवटी ४६० रुपयांना एक मिळाला. काळा, ॲल्युमिनियमचा, डोकं पिळलं की लागणारा. बटणवाला टॉर्च खिशात दाबला जाऊन आपोआप लागायची भीती असते. पिळायच्या टॉर्चला ती बरीच कमी. शिवाय अण्णांचे हात चिखलाने भरलेले असतात, म्हणून बाहेरून खरबरीत असलेलाच बघून घेतला.

आमच्याकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’. विजेरी हा शब्द मी फक्त पुस्तकात वाचला. त्यामुळे ‘अण्णा, तुमच्यासाठी बॅटरी आणलीय,’ म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि त्यात ही बोटाएवढी वस्तू पडली.

“खेळणं आणलंस व्हय मला?”

मी वाद घातला नाही. पेटीच्या किल्लीत कडी अडकवली आणि त्या रात्री त्यांच्याबरोबर विहिरीपर्यंत गेले. त्यांना एकच गोष्ट दाखवली. टॉर्च छातीशी न धरता कमरेच्याही खाली धरायचा. उजेड खालून, तिरका गेला की दगडाची, ढेकळाची, वाटेत आडव्या पडलेल्या कशाचीही सावली लांब पडते आणि ती वस्तू उठून दिसते. डोळ्यांच्या जवळून मारलेल्या उजेडात सगळी वाट सपाट वाटते. अण्णा काही बोलले नाहीत. परतताना मात्र त्यांचा हात गुडघ्यापाशी होता. पायांत गमबूट होते. ते आईने काकांच्या प्रसंगानंतर आणलेत आणि माझ्या मते टॉर्चइतकेच महत्त्वाचे आहेत.

टॉर्चने सगळं सुटलं असं नाही. पाणी दिवसा देता आलं असतं, तर साठीतल्या माणसाला मध्यरात्री बांधावर जावंच लागलं नसतं. वीज कधी यावी हे माझ्या हातात नाही. किल्लीला काय टांगावं, एवढंच होतं.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. टीव्हीचा रिमोट चालत नव्हता. अण्णांनी त्यातला एक सेल काढून बॅटरीत घातला होता आणि ऐन मालिकेच्या वेळी तिला चॅनेल लावता येईना. मी त्याच दिवशी चार्ज होणारे चार सेल आणि चार्जर मागवला. दोन सेल अण्णांचे, दोन रिमोटचे. कुणाचे कुठले ते कळावं म्हणून आईने आपल्या दोघांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.